ओळीअखेरच्या पाच मोकळ्या जागा

विपुलच्या कीबोर्डवरच्या बाणांच्या चार कळा झिजून चकचकीत झाल्या होत्या. उजवीकडच्या बाणाचं तर टोकच पुसलं गेलं होतं. एच, जे, के आणि एल या चार अक्षरांवरची छपाई मात्र दुकानातून आणल्या दिवशी होती तशीच होती. कीबोर्ड आठ महिन्यांचा होता. मी त्याच्या मागे, थोडी उजवीकडे बसत असे, आणि दुसरं काही बघण्यासारखं नसलं की कळांकडे बघत असे.

ही नोंद करायचं कारण असं, की विपुलने आमच्या ऑफिसात कोड लिहायला जो एडिटर सक्तीचा केला, त्यात कर्सर हलवायला हीच चार अक्षरं वापरतात. बाणांकडे हात नेणं म्हणजे अडाणीपणा, असं तो सगळ्यांना सांगत असे. माऊसकडे हात नेणं तर त्याहून खालचं. कोड लिहिताना हात कीबोर्डवरून उठला की विचार तुटतो, हे त्याचं आवडतं वाक्य होतं. माऊस गेल्यावर त्याचा हात फोनकडे जाऊ लागला. विचाराचं काय झालं ते कळलं नाही.

आमचं ऑफिस कामतघरला, मुनीर शेठच्या गोदामाच्या माळ्यावर आहे. खाली पूर्वी त्यांच्या वडिलांचे कापड विणायचे लूम होते. आता तिथे कापडाच्या खोक्यांचे रॅक आहेत आणि मागच्या मोकळ्या जागेवर पत्र्याची नवी शेड आहे. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, कुठला कधी निघाला, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही तिघं करतो. आधी फक्त या गोदामासाठी करत होतो, आता वळ गावच्या दोन गोदामांनाही देतो. तिघं म्हणजे विपुल, दिपिका आणि मी.

गणपतीची सुट्टी संपल्यावर मुनीर शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, टीम तू घे. तिघांच्या कामाला टीम म्हणायची त्यांना हौस आहे. मी विचार करून सांगते म्हटलं. मला काम कठीण वाटत नव्हतं. पण टीम घेणं म्हणजे दिवसभर बोलणं, लोकांना काय करू नका ते सांगणं, खाली जाऊन केसरीनाथ सुपरवायझरशी वाद घालणं. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं ते काही अंशी यासाठीच, की उपकरणांशी बोलावं लागत नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी शेठ माळ्याच्या दारात उभे राहून विचारायचे, काय ठरलं बेटा? मी म्हणायचे, सांगते. असे चार महिने गेले.

रिकामी खुर्ची कुणीतरी बघतंच. विपुल बोलायला तयार होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दिवाळीनंतर त्याने स्वतःच ठरवून टाकलं की तो टीम बघतो, आणि मी नाही म्हटलं नाही.

त्याचा पहिला हुकूम एडिटरचा. तिघांच्याही मशीनवर एकच एडिटर, एकच रंग, एकच सेटिंग. त्याने माऊस गोळा केले, एका खोक्यात भरले, आणि खालून आणलेलं ‘खराब माल – परत’ हे स्टिकर त्यावर चिकटवलं. या विनोदावर तो दोन दिवस खूश होता. सेटिंगची फाईल चारशे बारा ओळींची होती. ती त्याने तीन आठवडे रचली. त्या तीन आठवड्यांत आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याने किती ओळी लिहिल्या, हेही मी पाहिलं. एकोणतीस. त्यातल्या सहा नंतर दिपिकाने काढून टाकल्या.

मी त्या चारशे बारा ओळी एका जेवणाच्या सुट्टीत वाचल्या. निम्म्या इंटरनेटवरून जशाच्या तशा उचललेल्या होत्या, मूळ लेखकाच्या टिपांसकट. एक टीप पोर्तुगीजमध्ये होती. सेटिंग कर्सरला पिवळा करत होती, मग दुसरीकडे हिरवा करत होती, आणि शेवटी पुन्हा पिवळा. दोनशे बाराव्या ओळीवर लिहिलेलं होतं की फाईल सेव्ह करताना प्रत्येक ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात. तिच्या वरच्या ओळीने फाईल दर मिनिटाला आपोआप सेव्ह होत होती. आमच्याकडे एक फाईल अशी आहे जिला हे चालणार नाही, असं मला वाचतानाच दिसलं. पण ती फाईल माझ्याकडे होती आणि मी विपुलची सेटिंग वापरणार नव्हते. मी डबा बंद केला.

हाच एडिटर मी बारा वर्षं वापरते आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला एकच कॉम्प्युटर होता, आणि त्याचा माऊस कुणीतरी पळवला होता. दुसरा मिळेपर्यंत दोन वर्षं गेली. तोवर गरजच उरली नाही. माझी सेटिंग नऊ ओळींची आहे. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. विपुल माझ्या खुर्चीशी वाकून मला कर्सर खाली कसा न्यायचा ते शिकवायचा, आणि मी शिकायचे.

दिपिकाला खरोखर नवीन होतं. या एडिटरमध्ये लिहायची अवस्था वेगळी आणि हुकूम द्यायची वेगळी. अवस्था बदलायची विसरलात तर प्रत्येक अक्षर हुकूम ठरतं. तिला एका फाईलच्या वर आपलं नाव लिहायचं होतं. तिने इंग्रजीत, लहान अक्षरांत लिहिलं. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ त्या एडिटरच्या भाषेत ‘हा परिच्छेद उडव’ असा होतो. चौथ्या अक्षराने लिहायची अवस्था चालू झाली. पडद्यावर परिच्छेद नव्हता, फक्त इंग्रजीतलं ‘का’ एवढं उरलं होतं.

“ताई, मी नुसतं माझं नाव लिहिलं,” ती म्हणाली. “आईबापांनी ठेवलेलं.”

मी तिला उलटवायची कळ सांगितली आणि परिच्छेद परत आला. विपुल म्हणाला, हळूहळू बोटांना सवय होईल. त्याचं बोट तेव्हा बाणावर होतं.

आता ती फाईल. रोज सकाळी साडेआठला गोदामातले स्कॅनर एक फाईल घेतात. माल कुठे आहे हे सांगणारी. एका मालाची एक ओळ, आणि प्रत्येक ओळ बरोबर चाळीस अक्षरांची. शेवटची आठ अक्षरं जागेची. नव्या शेडमधल्या रॅकची नावं लांब आहेत, आठही अक्षरं भरतात. पण जुन्या भागातल्या रॅकना शेठनी तिथे जो लूम उभा असायचा त्याचाच नंबर दिलाय. लूम चौदाच्या जागी रॅक एल-चौदा. कागदावर एल आणि दोन आकडे, म्हणजे तीन अक्षरं. उरलेल्या पाच जागा मोकळ्या ठेवून ओळ चाळीसची करायची. स्कॅनर जुने आहेत. ओळ चाळीस भरली नाही तर ते काही न बोलता ती सोडून देतात, आणि त्या मालाची आधीची जागा तशीच धरून बसतात.

रात्रपाळीत हलवलेल्या मालाचे दोन-चार बदल या फाईलमध्ये सकाळी हाताने करावे लागतात. हे काम माझं होतं. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी विपुलने ते स्वतःकडे घेतलं. नव्या एडिटरमध्ये ते चाळीस सेकंदांत होतं, हे त्याला शेठना दाखवायचं होतं. शेठ फोनवर बोलत होते, तरी त्याने दाखवलं. मला सकाळचा चहा निवांत मिळू लागला. त्या वेळी मला दोनशे बारावी ओळ आठवली नाही. हे खरं आहे. आठवली असती तर मी बोलले असते का, हे मात्र मी छातीठोक सांगू शकत नाही.

जुन्या भागात माल काढायला कमळी असते. ती दिघाशी गावची. तिथून रिक्षा बदलत बदलत आठच्या शिफ्टला पोचते. पावसाळ्यात घरची भातलावणी, बाकीचे आठ महिने इथे. आमच्या खोक्यांवर गिरणीचा, व्यापाऱ्याचा आणि ट्रान्सपोर्टचा असे तीन-तीन बारकोड असतात, म्हणून आम्ही खोकं स्कॅन करत नाही, रॅकची पट्टी स्कॅन करतो. स्कॅनर सांगतो त्या रॅकवर जायचं, पट्टी दाखवायची, टुं वाजलं की खोकं उचलायचं. केसरीनाथने खाली भिंतीवर लिहूनच ठेवलंय: आवाज आला म्हणजे माल बरोबर.

नऊ दिवसांत कमळीच्या हातून तीन वेळा चुकीचा माल गेला. शाळेच्या गणवेशाचं कापड मागवणाऱ्याला लुंग्या पोचल्या. तिसऱ्या वेळी केसरीनाथने तिला सगळ्यांदेखत सांगितलं, शनिवारी शेवटचा दिवस, सोमवारपासून येऊ नको. हे मला दिपिकाने गुरुवारी सकाळी सांगितलं. मी म्हटलं, वाईट झालं. माणसं चुकतात.

अकराच्या सुमाराला मी पाणी भरायला खाली गेले. कमळी फिल्टरपाशी उभी होती. स्कॅनर तिच्या गळ्यात होता.

“ताई, तुमी वरच्या ना,” ती म्हणाली. “येक सांगू? ह्यी मशीन मागचा सांगते.”

मी विचारलं, मागचा म्हणजे?

“मागल्या आठवड्याचा. जो माल हितून हलवला तो आजून हितंच हाय म्हनते. नव्या शेडमंदी न्हाय करत, फकस्त आमच्या लूमच्या रांगंत. मी केसरीभाऊला बोलली. ते हसले.”

मग तिने सांगितलं की खोकं बघूनच तिला वाटलं होतं हे ते नव्हे. पण पट्टीवर टुं वाजलं, आणि भिंतीवर लिहिलंय तसं तिने केलं.

मी बाटली अर्धी भरून तशीच उभी राहिले. बिघाड कुठला, कुठे होतो, कुठे होत नाही. एवढं नेमकं निरीक्षण त्या इमारतीत दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. माळ्यावर तीन पदव्या होत्या आणि त्यातली एक माझी.

वर जाऊन मी त्या सकाळची फाईल उघडली आणि ओळींची लांबी मोजली. नव्या शेडच्या सगळ्या ओळी चाळीसच्या. एलच्या सगळ्या पस्तीसच्या. विपुलने काम घेतलं त्या सोमवारपासूनच्या सगळ्या फाईली अशाच होत्या, आणि त्याआधीच्या, माझ्या, ठीक होत्या. मोजायला चार मिनिटं लागली.

मी आधी विपुलला सांगितलं. एकट्याला, हळू आवाजात. त्याने एकदा फाईलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा हा कचरा असतो, जगभरचे लोक काढतात, चूक असलीच तर स्कॅनरची. मी म्हटलं, स्कॅनर नऊ वर्षं असेच आहेत. मग त्याने खुर्ची जवळ ओढली.

“ऐक ना. मी उद्यापासून ती फाईल सेटिंगमधून वगळतो. एका ओळीचं काम आहे. उगाच वरपर्यंत कशाला न्यायचं?”

“आणि कमळी?”

“कोण कमळी?”

मी सांगितलं कोण ते.

“अगं, तिचं तर आधीच ठरलंय ना,” तो म्हणाला, आणि पडद्याकडे वळला. त्याने उजवा बाण तीनदा दाबला.

इतके महिने मी या माणसाला तुच्छ मानत होते, आणि त्यात मला एक प्रकारची स्वस्थता होती. त्याच्या चारशे बारा ओळी, त्याचा पिवळा कर्सर, न झिजलेली अक्षरं. मी ते सगळं गोळा करून ठेवत होते, वहीत फुलं दाबून ठेवावीत तसं. त्या वाक्यानंतर ती स्वस्थता गेली. वगळायची ओळ त्याला चटकन सुचली, याचा मला जास्त राग आला. म्हणजे त्याला काम येत होतं.

लेबलच्या प्रिंटरवर मी एल-चौदाची ओळ दोनदा छापली, एकदा माझ्या जुन्या फाईलमधली, एकदा आजची. मोकळ्या जागेच्या ठिकाणी ठिपके येतील असं केलं. दोन पट्ट्या कात्रीने शेवटच्या अक्षरापाशी कापल्या आणि शेठच्या केबिनमध्ये गेले. विपुल मागोमाग आला. शेठनी केसरीनाथला आणि कमळीला वर बोलावून घेतलं. कमळी दाराशीच उभी राहिली. केबिनमध्ये ती पहिल्यांदाच आली असावी. ती भिंतीवरच्या जुन्या लूमच्या फोटोकडे बघत होती.

मी पट्ट्या टेबलावर एकाखाली एक ठेवल्या आणि सांगितलं. स्कॅनर काय करतो, ही पाच ठिपक्यांची जागा कशासाठी, ती कधीपासून कापली जाते. पाच-सहा वाक्यं झाली असतील. मुनीर शेठनी छोटी पट्टी उचलली, मोठीवर ठेवली, आणि कापडाचा पन्हा तपासतात तसं कडेवरून बोट फिरवलं.

“किनारीवर डिझाईन नसतं,” ते म्हणाले, “म्हणून कोणी किनार कापतो काय? पूरा थान उसवेल.”

विपुलने समजवायला सुरुवात केली. आधुनिक पद्धती, स्वच्छ कोड, जुनाट स्कॅनर. शेठनी ऐकून घेतलं. मग विचारलं, हे कापायचं मशीनला सांगितलं कोणी? विपुल म्हणाला, टीमची सेटिंग आहे. टीम म्हणजे कोण, शेठनी विचारलं. दिपिका दारापलीकडून ऐकत होती. तिचा खोकला ऐकू आला.

केसरीनाथ म्हणाला, पोरीची चूक नव्हती तर नव्हती, पण त्याला कसं कळावं, मशीन बोलतं तेच तो धरणार. तो कमळीकडे बघत नव्हता.

“तुला कधी समजलं, बेटा?” शेठनी मला विचारलं.

मी ‘आज सकाळी’ असं म्हणू शकले असते. ते खोटं नव्हतं.

“कापलं गेल्याचं आज कळलं,” मी म्हटलं. “पण ती सेटिंग मी दीड महिन्यापूर्वी वाचली होती. आपल्या एका फाईलला ती चालणार नाही, हेही तेव्हाच कळलं होतं.”

विपुलने माझ्याकडे पाहिलं.

“मग बोललीस का नाही?” शेठनी विचारलं.

“मला कोणी विचारलं नव्हतं.”

वाक्य तोंडातून गेल्यावर ते माझं मलाच ऐकू आलं. विपुलच्या ‘कोण कमळी?’ याच्या अगदी शेजारी ठेवण्यासारखं होतं. दोन्ही सारखीच तोकडी.

“मना पन कोनी इचारला नव्हता, ताई,” कमळी दाराशी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती फक्त सांगत होती. “तरी मी सांगितला.”

शेठनी दोन्ही पट्ट्या खिशात ठेवल्या. केसरीनाथला म्हणाले, शनिवारचं रद्द, ही राहील, आणि भिंतीवरचं ते लिहिलेलं आज पुसून टाक. मग खुर्चीत मागे टेकले.

“हिला मी आज ठेवली. पण उद्या दुसरं काहीतरी कापलं जाईल. तेव्हा केसरीनाथ पुन्हा त्याच्या हाताला लागेल त्याला धरेल. त्याचं काय करायचं?” ते विपुलकडे बघत नव्हते. “सकाळी ती फाईल कोण उघडणार? आणि खालून कोणी वर सांगायला आला, तर तो येऊन कोणाशी बोलणार? मला एक नाव पाहिजे. चार महिने झाले.”

विपुलने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तो बोलला असता तर पाच मिनिटं बोलला असता, आणि मला पुन्हा एकदा ऐकत बसता आलं असतं. त्याच्या प्रत्येक शब्दावर मनातल्या मनात खूण करत. ते मला फार चांगलं जमत होतं.

मी कमळीकडे पाहिलं. ती दाराची चौकट धरून उभी होती, आणि पहिल्यांदाच, उत्तराची वाट बघत असल्यासारखी, सरळ माझ्याकडे बघत होती.

“माझ्याशी,” मी म्हटलं. “टीम मी घेते, शेठ.”